सोजराबाईचा टोला

आवाज ऐकून बरेच जण मला घंटा समजतात. मी घंटा नाही. आगगाडीच्या रुळाचा दीड हात लांबीचा तुकडा आहे मी. माझ्या एका टोकाला भोक पाडलंय. त्यात तार ओवून मला टांगतात आणि फूटभर लांबीच्या बोल्टनं बडवतात. बोल्ट बसला की मी बोलतो. नाही बसला, तर समोर घर पेटलं तरी मला गप्प राहावं लागतं. माझ्या जन्माची सगळी काळजी या एका गोष्टीत आली.

भट्टीतलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ती उमरोळीजवळची वर्षं. तेव्हा मी अख्खा रूळ होतो आणि माझ्या अंगावरून गाड्या जायच्या. पुढे जास्त वजनाचे नवे रूळ आले, आम्हाला उचकटून तोडलं, आणि माझा हा तुकडा देवू नावाच्या गँगमननं आपल्या खोपीपुढे टांगला. लांबून गाडी दिसली की तो मला बडवायचा, मग लाइनीवर खडी भरणारी माणसं बाजूला व्हायची. देवू भाकरी खातानासुद्धा एकदा पालघरच्या दिशेला मान वळवायचा, एकदा बोईसरच्या. घास तोंडात, डोळे लाइनीवर. काळजी कशी करायची ते मी त्याच्याकडून शिकलो. त्यानं एकदाही चूक केली नाही, पण त्याची बदली झाली, नव्या माणसाला शिट्टी मिळाली आणि मी गवतात पडलो.

चौसष्ट-पासष्टच्या सुमाराला तारापूरच्या बाजूला अणूच्या विजेचं मोठं काम निघालं. कुठून कुठून माणसं आली. बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला पत्र्याच्या आणि चटयांच्या झोपड्यांची वसाहत उभी राहिली. तिथल्या एका मुकादमानं मला ट्रकात घालून आणलं आणि वसाहतीतल्या चिंचेला टांगलं. काम एकच. रोज संध्याकाळी सहा वाजता पाण्याचा टँकर यायचा, तो आला की बायकांना कळवायचं.

चिंचेच्या सगळ्यात जवळची झोपडी सोजराबाईची, म्हणून बोल्ट तिच्याकडे राहिला. ती मला थांबून थांबून मारत नसे. एकदा हात लावला की धाडधाडधाड, सलग. लांबच्या झोपडीतली बाईसुद्धा कळशी उचलून पळत सुटायची.

सोजराबाई नगर जिल्ह्यातली. तिचे वडील खंडेराव, ती त्यांना आण्णा म्हणायची, त्यांच्या भागातले नावाजलेले वस्ताद. तालमीत बाईमाणसाला पाऊल टाकता येत नाही, पण तालमीला एक खिडकी होती आणि खिडकीच्या बाहेर कडब्याची गंजी. लहानपणी ती त्या गंजीवर बसून रोज कुस्त्या बघायची. रात्री जेवताना बाप विचारायचा, "आज कोन चुकलं?" आणि ती सांगायची. बाप तिला एकदाही चूक म्हणाला नाही, हे ती मंजुळेला सांगताना मी पुष्कळदा ऐकलंय. मंजुळा तिची शेजारीण. तीही कळशी घेऊन माझ्याखाली बसायची.

सोजराबाईचा नवरा बन्सी हा त्याच तालमीतला पैलवान. माती सोडून दहा-बारा वर्षं झाली होती, तरी गर्दीतून चालला तर लोक आपोआप बाजूला व्हायचे. मुलं गावी आजीजवळ शाळेला होती आणि हे दोघं इथे. कामावर बन्सी एकावर एक दोन पोती उचलायचा. सहासष्टच्या दिवाळीच्या आठवड्यात फळीवरून त्याचा पाय घसरला आणि डोक्यावरच्या पोत्यासकट तो खाली आला. मान मुरगळली. महिनाभर शेकलं, दुखणं कमी झालं, पण डाव्या हाताच्या बोटांत मुंग्या राहिल्या. मुकादमानं त्याला गोदामाच्या दाराशी स्टुलावर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचं, एवढंच काम.

"बसून खातोय," असं तो संध्याकाळी पुटपुटायचा. सोजराबाई म्हणायची, "खा की. मानंला जप म्हंजी झालं. पुन्हा कुनाच्या अंगाला अंग लावायचं न्हाई, शपथ हाये तुला." तो हूं म्हणायचा. त्या हुंकाराची मला फार काळजी वाटायची. मी लोखंड आहे. कुठला आवाज भरीव आणि कुठला पोकळ, एवढं तरी मला कळतं.

सदुसष्ट सालच्या जानेवारीत बोईसर स्टेशनच्या भिंतीवर रंगीत कागद लागले. जीपवर कर्णा बांधून एक माणूस गावोगाव ओरडत फिरला. मुंबईची फ्रीस्टाइल दंगल येणार. बिनमातीची कुस्ती, लाथा चालतात, बुक्क्या चालतात. आणि सगळ्यात शेवटी इराणचा पैलवान काळा नकाब, ज्याचा चेहरा आजवर कुणी पाहिलेला नाही. जो कुणी त्याच्यापुढे दहा मिनिटं टिकेल, त्याला चांदीची ढाल.

दंगलवाल्यांची स्वतःची घंटा आधीच्या मुक्कामाला फुटली होती. मुकादमानं मला देऊ केलं. सोजराबाई त्याला आडवी आली.

"टँकर सहाला येतो. रूळ माघारी कोन आननार?"

"येईल की गाडीतून."

"न्हाई. मी संगं जानार. रूळ नेला तशी मीच माघारी आनीन."

अशा तऱ्हेनं त्या रविवारी दुपारी भात कापलेल्या शेतात, रिंगणाला अगदी लागून, मी बांबूच्या तिकाटीला लटकलो आणि माझ्याशेजारी जमिनीवर सोजराबाई आणि मंजुळा बसल्या. बाकीच्या बायका लांब, दोरीच्या पलीकडे. बन्सी आला नव्हता. गोदामावर काम आहे म्हणाला होता.

रिंगण म्हणजे तेलाच्या पिंपांवर ठोकलेल्या फळ्या, त्यांवर जाड कापड आणि चारी बाजूंनी दोर. माझ्याजवळ टेबल टाकून चष्मेवाला टाइमकीपर बसला होता. बोल्ट त्याच्या हातात. त्याच्यासमोर घड्याळ होतं, पण तो घड्याळाकडे बघतच नव्हता. त्याची नजर रिंगणाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मॅनेजरच्या हातावर. मॅनेजरनं पांढरा रुमाल हलवला की हा मला मारणार. खेळ सुरू होण्याआधीच मला ते दिसलं आणि मी अस्वस्थ झालो. देवूनं कधी रुमालाकडे बघितलं नव्हतं.

माणसं तर किती लोटली होती. उमरोळीची, पालघरची, शिरगावहून बैलगाडीनं आलेली, डोंगरातून पायी आलेली, वसाहत तर झाडून सगळी. पहिली जोडी उभी राहिली. एकानं दुसऱ्याच्या छातीवर लाथ घातली, तो धाडकन पडला आणि शेत दणाणलं.

मंजुळेनं डोळे झाकले. "मेला का गं?"

"मरतोय कशाचा," सोजराबाई म्हणाली. "पडायच्या आदी फळीवर हात आपटला त्यानं. खालची पिंपं रिकामी हायेत, म्हनून येवढा आवाज. लाथ त्याच्या मांडीला लागली आन् धरलंय पोट. बघ."

मंजुळेनं बोटांच्या फटीतून बघितलं. बाजूचा एक माणूस वळून म्हणाला, "बाई, गप बसा की. बघू द्या."

सोजराबाईला गप्प बसता येईना. तिचा आवाज हळू होता, पण थांबत नव्हता. "ह्या दोघांचं आदीच ठरलंय. आता ह्यो केस धरील. धरलं. आता पंच तिकडं बघंल आन् ह्यो डोळ्यात बोट घालील." पंच तिकडे बघायला लागला आणि त्यानं डोळ्यात बोट घातलं. मघाचा माणूस पुन्हा वळला. तो थोडा सरकून तिच्याजवळ बसला.

"मग ही कुस्ती न्हवं?" मंजुळेनं विचारलं.

"कुस्ती न्हवं. सोंग हाये. पर सोंगसुद्दा नीट करावं लागतंय. हे नीट करीत न्हाईत. त्याला मारलं डाव्या गुडघ्याला आन् लंगडतोय उजव्यानं."

तिसऱ्या जोडीला काळा नकाब आला. डोक्यापासून गळ्यापर्यंत काळं कापड, डोळ्यांना आणि तोंडाला भोकं. लोक ओरडले, शिव्या दिल्या, एकानं केळीचं साल फेकलं. त्यानं समोरच्या गड्याला उचलून दोनदा आपटलं. सोजराबाई बोलता बोलता थांबली आणि पुढे झुकली.

"काय झालं?" मंजुळा.

"ह्यो गडी मातीतला हाये. पाय बघ त्याचं. पट काढायला जातोय तवा टाच उचलत न्हाई. आन् पाडताना समोरच्याच्या डोक्याखाली तळहात घालतोय. लोकास्नी दिसत न्हाई ते. खोटं करतोय, पर कुनाला लागू देत न्हाई." ती जराशानं म्हणाली, "आमच्या आण्णांना ह्यो आवडला आसता."

मला थोडं बरं वाटलं. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही. मॅनेजर कर्णा घेऊन रिंगणात चढला.

"काळा नकाबला आव्हान द्यायला कोण येतो, कोण येतो," असं त्यानं चार-पाच वेळा विचारलं. मग कागद काढून वाचला, "आ रहे हैं नगर जिल्हे के मशहूर वस्ताद खंडेराव के पट्ठे, पैलवान बन्सी!"

सोजराबाईचा हात माझ्या तिकाटीच्या बांबूवर होता. बांबू हलला, तारेतून ते माझ्यापर्यंत आलं. गर्दीतून वसाहतीतल्या गड्यांनी बन्सीला खांद्यावर घेऊन आणलं. कमरेला जुनी लांग, अंगाला तेल. तो हसत होता. इतक्या महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

ती उठून दोराजवळ गेली. "मान," एवढंच म्हणाली. "तुझी मान."

तो वाकला आणि हळूच म्हणाला, "आगं, समदं ठरलंय. दहा मिंटं वढाताण करायची, मंग घंटा. बरोबरीत सोडवनार. ढाल बी मिळनार. काय न्हाई होत."

"आण्णांचं नाव लावलंस सोंगाला?"

तेवढ्यात पंचानं दोघांना मधे बोलावलं. ती माझ्याजवळ परत येऊन बसली, पण मांडी घालून नाही. उकिडवी, पायांवर.

टाइमकीपरनं मला मारलं. तो टोला मला अजून सलतो. सुरुवात माझ्याच आवाजानं झाली.

पहिली काही मिनिटं नुसती खडाखडी. हातात हात, मानेवर थाप, मागेपुढे. बन्सीच्या अंगात जुनी कुस्ती जागी होत होती. एकदा त्यानं ठरल्याबाहेर, समोरच्याचे पाय ओढून, खरा पट काढला आणि काळा नकाब खरोखरच पाठीवर जाता जाता वाचला. वसाहत उभी राहून नाचायला लागली. सोजराबाई दातांतून म्हणाली, "कामून केलं हे. आता त्यो बी खरं करील."

काळ्या नकाबानं राग धरला असं मला वाटत नाही. त्यानं फक्त बन्सीला जरा आवरायचं ठरवलं असावं. त्यानं बन्सीची मान बगलेत घेतली, दोन्ही हातांची कडी केली आणि त्याला खाली वाकवून धरलं. खेळातला नेहमीचा प्रकार. मघाशी दोन जोड्यांनी तसंच केलं होतं. पकडलेला माणूस पाय झाडतो, फळीवर हात आपटतो, लोक ओरडतात, पकड सुटते.

बन्सीनं पाय झाडले. मग झाडायचे थांबले.

त्याचं तोंड काळ्या नकाबाच्या बगलेत होतं, कुणालाच दिसत नव्हतं. लोक त्याच्या पाठीकडे बघत होते आणि ओरडत होते, सोडू नको, टिकून राहा. पाठ तर तशीच रुंद होती. मी खाली लटकलेलो. मला त्याचा डावा हात दिसला. तो दोराकडे जायला निघाला होता, मधेच थांबला आणि पाण्यात सोडलेल्या फडक्यासारखा खाली आला. बोटं उघडी. तळहात वर.

मला ओरडायचं होतं. पण मी दीड हात लोखंड. तारेला लटकून राहण्यापलीकडे मला काय येतं.

"वाजव," सोजराबाई म्हणाली.

टाइमकीपरनं तिच्याकडे बघितलं. "क्या?"

"घंटा वाजव. हात गेलाय त्याचा. ते सोंग न्हाई."

"अभी चार मिनट बाकी हैं, बाई. मालिक ने रुमाल नहीं दिखाया."

"त्याचा हात बघ."

त्यानं हाताकडे बघितलं नाही. त्यानं मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर गर्दीकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून लोकांना आणखी ओरडायला सांगत होता. रुमाल त्याच्या खिशात होता.

सोजराबाईनं टाइमकीपरच्या हातातून बोल्ट हिसकावला. टेबल आडवं झालं, घड्याळ मातीत पडलं. आणि तिनं मला मारलं. कुस्ती संपवायला तीन टोले द्यायचे असतात, एक-दोन-तीन, मधे थांबून. तिला ते माहीत होतं. पण हाताला जे रोजचं होतं तेच आलं. धाडधाडधाडधाड, सलग, टँकरचे टोले. इतक्या जोरात मला आजवर कुणी मारलेलं नाही. बोल्टची एक कड उडाली.

पहिल्याच टोल्याला काळ्या नकाबानं कडी सोडली. त्याच वेळी दोरीपलीकडे बसलेल्या वसाहतीतल्या सगळ्या बायका ताडकन उभ्या राहिल्या आणि इकडेतिकडे कळश्या शोधू लागल्या. क्षणभर सगळं शेत गोंधळलं. ओरडणं बंद पडलं. त्या शांततेत बन्सी गुडघ्यांवर आला आणि तोंडावर पडला. हात न टेकता.

मॅनेजर धावत आला. "किसने बजाया? ये औरत कौन है? खेल खराब कर दिया!" मागून दोन-चार आवाज उठले. पैसे परत द्या, नवऱ्याला हरताना बघवेना हिला, असलं काहीतरी. एकानं ढेकूळ फेकलं. ते माझ्या अंगावर आपटून फुटलं.

सोजराबाईनं मागे वळून बघितलं नाही. ती दोराखालून रिंगणात शिरली आणि बन्सीला उलथा करायला त्याच्या खांद्याखाली हात घातला.

"हलवू नका," काळा नकाब म्हणाला. "डोका हलवू नका त्याचा, बाय. मान हाय ती."

इराणी पैलवान मराठीत बोलला होता. तेही खाडीकाठच्या मराठीत. जवळचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. मॅनेजरनं त्याचा दंड धरला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "चुप. अंदर चल."

त्या माणसानं एकदा मॅनेजरकडे बघितलं. मग गळ्याजवळची नाडी सोडली आणि डोक्यावरचं काळं कापड ओढून काढलं. आत चाळिशीतला, टक्कल पडत आलेला, घामानं निथळणारा साधा माणूस होता. त्यानं त्या कापडाची घट्ट गुंडाळी केली आणि बन्सीच्या मानेला एका बाजूनं लावली. दुसऱ्या बाजूला पंचाचा टॉवेल लावला.

शिरगावच्या बैलगाड्यांजवळून एक म्हातारा मोठ्यानं बोलला, "आरं, ह्यो तं आपला झिपरू हाय."

कुणी हसलं नाही. झिपरूनं मान वर केली नाही. तो रिंगणाच्या कडेला गेला, कापड उचललं, आणि पायानं रेटून एक फळी उचकटली. कडाकड खिळे निघाले आणि खालची रिकामी पिंपं सगळ्यांना दिसली. "चार जणा या," तो म्हणाला. "फळीवर घेवू. डोका मी धरतो."

मुकादमाचा ट्रक स्टेशनजवळ उभा होता. त्यातून बन्सीला पालघरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. झिपरू सगळी वाट दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून बसला होता, असं नंतर मंजुळा सांगत होती. मला कुणी उचललं नाही. सहा वाजता टँकर आला असेल. त्या दिवशी बायकांना कुणी कळवलं, मला माहीत नाही. मी रिकाम्या शेतात तिकाटीला लटकून होतो. बन्सी जगला की नाही, ते मला दोन दिवस कळलं नाही. ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी मंजुळा आणि मुकादम येऊन मला घेऊन गेले. मंजुळेनं चिंचेखाली बायकांना सांगितलं तेव्हा मी ऐकलं. मानेतल्या शिरेवर दाब आला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ तशीच धरली असती तर हात कायमचा गेला असता, कदाचित पायसुद्धा.

बन्सी पाच आठवड्यांनी परत आला. गळ्याभोवती पट्टा, डावा हात झोळीत. हात हळूहळू परत येत होता. पेला धरता येई, सुतळीची गाठ मारता येत नसे. पण तो सोजराबाईशी बोलत नव्हता. जेवण वाढलं की जेवायचा, झालं की उठायचा. वसाहतीतले काही गडी जाता-येता म्हणायचे, "पैलवान, बायकोनं सोडवलं म्हनायचं." तो मान फिरवू शकत नव्हता, म्हणून सगळं अंग फिरवून आत जायचा.

सोजराबाईनं डॉक्टरचं बोलणं त्याला सांगितलं नाही. मंजुळा म्हणाली, "सांग की त्याला. कळू दे." ती म्हणाली, "सांगितलं तर म्हनंल, उपकार दाखविती. ऱ्हाऊ दे." त्या दिवसांत ती मला हळू मारायची. लांबच्या बायका तक्रार करायच्या, टोला ऐकू आला नाही म्हणून. माझ्या आवाजाची तिला भीती वाटायला लागली होती, असं मला वाटायचं. रोज सहा वाजता तिचा हात बोल्टजवळ येऊन थांबायचा, आणि रोज मला वाटायचं, आज ही मारणारच नाही.

चैत्रात एका दुपारी वसाहतीत एक माणूस आला. हातात केळीच्या पानात बांधलेला विड्याच्या पानांचा गठ्ठा. मी त्याला लगेच ओळखलं. बन्सी चिंचेखाली बाजेवर पडला होता, त्यानं ओळखायला वेळ लावला.

"मी झिपरू," तो म्हणाला. "त्या दिवशी मीच व्हतो."

"बसा," बन्सी म्हणाला.

झिपरू जमिनीवर बसला. दंगलवाल्यांनी त्याला त्याच संध्याकाळी काढून टाकलं होतं. आता तो पालघरजवळच्या माहीमला मेव्हण्याच्या पानवेलींच्या वाडीत काम करत होता. ही पानं तिथलीच. बराच वेळ तो पानांच्या गठ्ठ्याची दोरी सोडत राहिला. मग म्हणाला, "येक इचारू? तुमी हात का नाय आपटला? ठरला व्हता ना, दुखला तर फळीवर हात मारायचा. मी वाट बगत व्हतो. हात सैल पडला तवा मला वाटला, सोंग झकास करताव. चौदा वरसा हा धंदा केला मी. खरा कुठला नि खोटा कुठला ता मला कळला नाय. झोप नाय लागत ओ."

झोपडीत सोजराबाई चुलीपुढे होती. फुंकणीचा आवाज येत होता.

 बन्सीनं झोळीतला हात उजव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला.

"मारायचा व्हता," तो म्हणाला. "हलला न्हाई. कुनाचा तरी दुसऱ्याचा हात आसल्यासारखा. वरडायला गेलो तर तोंडातनं वारा सुदिक निघंना. लोकं म्हनत व्हती टिकून ऱ्हा, टिकून ऱ्हा. मला वाटलं, आता ही समदी माझ्याकडं बघत बघत मी मरनार, आन् कुनाला दिसनार न्हाई." तो थांबला. "मंग टँकरचा टोला आला. मला वाटलं, सोजरीला दिसलं."

फुंकणीचा आवाज थांबला होता. आतून धूर बाहेर येत राहिला. चूल विझत होती आणि ती फुंकत नव्हती.

मग ती बाहेर आली. पदरानं डोळे पुसत होती, धुरानं असतील. तिनं दोघांपुढे चहा ठेवला आणि झिपरूसमोर उभी राहिली.

"तुमचं पाय चांगलं हायेत," ती म्हणाली. "डोक्याखाली हात घालता, ते बी म्या बघितलं. पर मान बगलंत घेतली की तुमी लोकांकडं बघता. तिथं चुकता. तवा अंगाखालच्या गड्याच्या हाताकडं बघावं."

झिपरूनं मान हलवली. "आजून काय चुकला?"

"बसा, सांगते." आणि ती बाजेच्या कडेला, बन्सीच्या पायांशी बसली. त्या दिवशी ती सहापर्यंत बोलत होती. मधे एकदा बन्सी म्हणाला, "तसं न्हवं, त्यो पट म्या काढला व्हता, ती माझी चूक." ती म्हणाली, "व्हय, तुजीच." आणि तो हसला. टँकर आला तेव्हा तिनं मला पूर्वीसारखं मारलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. शिरगावच्या किल्ल्यापलीकडे झिपरूच्या भावाची पडीक वाडी होती. तिथे झिपरू आणि बन्सीनं मिळून कुस्तीचा हौदा खणला, माती चाळली, त्यात ताक आणि हळद घातली. बन्सी अंगाला अंग लावत नसे, बाहेर बसून सांगायचा. सोजराबाईसाठी हौद्याच्या कडेला एक दगड मांडला. पहिल्या दिवशी दोन म्हातारे कुरकुरले, बाईमाणूस तालमीत कशाला म्हणून. झिपरू त्यांना म्हणाला, "ती नाय तर आखाडा नाय." वसाहतीत नळ आला तेव्हा माझं तिथलं काम संपलं, आणि बैलगाडीत घालून मला इथे आणलं. दर रविवारी कुस्त्या व्हायच्या. सोजराबाई माझ्याजवळ बसायची, बोल्ट मांडीवर. दोन वर्षांत तिनं अकरा कुस्त्या मधेच थांबवल्या. त्यातल्या तीन उगाच थांबवल्या, असं झिपरू म्हणतो. ती म्हणायची, "आसंल. त्या तिघांना इचारा, राग आला का."

आता एकोणसत्तर साल चालू आहे. तारापूरचं बांधकाम बरंचसं उरकलं. चटयांच्या झोपड्या मोडल्या, माणसं पुढच्या कामांवर पांगली. बन्सी आणि सोजराबाई गेल्या मंगळवारी नगरला गेली. मुलं मोठी झाली, आणि खंडेरावांच्या बंद पडलेल्या तालमीचं कुलूप त्यांना काढायचं आहे. जाताना तिनं बोल्ट झिपरूच्या हातात दिला. झिपरू म्हणाला, "मी आत शिकवनार का भायेर बगनार? दोनी नाय जमायचा." ती म्हणाली, "मंग कुनीतरी शोधा. लोकांकडं बघनारा नको."

झिपरूला अजून कुणी सापडलेलं नाही. परवा सरावाला एक जण बसला होता, तो पान लावण्यात गुंतला. काल आलेला नुसता जिंकणाऱ्याच्या नावानं ओरडत होता. बोल्ट जमिनीवर पडलेला, आणि मी त्याच्याकडे बघत लटकलेलो.

उद्या रविवार. चार वाजता नऊ जोड्या लागणार आहेत. त्यातल्या दोघांची ही पहिलीच कुस्ती, आणि त्यांतल्या एकाचा खांदा मागच्या महिन्यात उतरला होता, हे त्यानं झिपरूपासून लपवलंय. मला माहीत आहे, मला सांगता येत नाही. तुम्ही शिरगावच्या बाजूला असाल तर या. कुस्तीतलं फार कळत नसलं तरी चालेल. दगडावर जागा आहे. बसा, बोल्ट मांडीवर घ्या, आणि हातांकडे बघत राहा.